६० घरांचा वाडा, दुपारी १ पर्यंतच बाजार आणि पंचाचा फोन बंद: कसे निभवायचे?

वाडाकर · १४ मे २०२१, रात्री ९.४०

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आतला वाडा, म्हणजे वस्ती. ६० घरे, २८० च्या आसपास माणसे. कोरोनामुळे ११ घरे विलगीकरणात आहेत आणि त्यांतल्या ४ घरांत बाहेर पडू शकेल असे कुणीच नाही. कर्फ्यू ९ तारखेपासून. किराणा सकाळी ७ ते दुपारी १. बरे दुकान ६ किलोमीटरवर, वाळपईच्या वाटेवर. रोज सकाळी वाड्यातून पंचवीस-तीस दुचाक्या त्या एकाच दुकानावर जाऊन दाटी करतात, मग कर्फ्यू नेमका कशाला आहे?

पंचाचा फोन तीन दिवस लागत नाही. ग्रामसभा नाही. रेशन दुकानदार म्हणतो, ‘मोफतचे अजून आले नाही, नेहमीचे घेऊन जा.’ पुढच्या वर्षीच्या विधानसभेची आस लागलेले दोघे मात्र स्वतःचा फोटो छापलेल्या पिशव्या वाटून गेले. त्या ठेवायच्या की परत करायच्या यावरून वाड्यात दोन तट पडलेत. २३ एप्रिलला पाच पालिकांचे मतदान उरकले आणि २९ ला टाळेबंदी लागली. यातले न समजण्याइतके कुणी दूधखुळे नाही.

विचारायचे आहे ते एवढेच. किराणा एकत्र आणायची पद्धत काय? मोफत धान्याचा हिशेब नेमका किती, आणि दुकानदार ‘आले नाही’ म्हणाला तर कुणाला धरायचे? वाड्यात दोन ऑक्सिमीटर आहेत, एक लहान सिलिंडर मिळतो आहे, तो किती वेळ पुरतो? आणि त्या पिशव्यांचे काय करायचे?

---

घाऊकवाला · १५ मे, सकाळी ६.१५

तीस दुचाक्यांऐवजी आठवड्याला एक पिकअप. ६० घरांना हे सहज झेपते, यादी मात्र पहिल्याच दिवशी नीट बांधावी लागते.

‘तुम्हाला काय हवे’ असे घरोघर विचारू नका. तसे विचारले की साबणाच्या वासापर्यंत फर्माईश जाते आणि यादी तीन पानांची होते. ठराविक संच करा, हवा तर घ्या, नको तर नको. पाच माणसांच्या घराला सात दिवसांसाठी: उकडा तांदूळ ७ किलो, डाळ दीड किलो (त्यात अर्धा किलो चवळी किंवा वाटाणा चालतो), तेल १ लिटर, कांदे २ किलो, बटाटे २ किलो, साखर १ किलो, चहा पाव किलो, मीठ १ किलो. नारळ यादीत घेऊ नका. वाड्यात आहेत, पाडेली मिळत नसेल तर पडलेले गोळा करा.

६० घरांचे एकूण: तांदूळ ४२० किलो, म्हणजे २५ च्या १७ पिशव्या. कांदे-बटाटे प्रत्येकी १२० किलो, डाळ ९०, साखर ६०, मीठ ६०, चहा १५, तेलाचे बारा-बारा पाकिटांचे ५ खोके. टनाला थोडे कमी. पिकअप एका खेपेत आणते.

वेळापत्रक असे ठेवा. पैसे आणि यादी आदल्या दिवशी संध्याकाळी ६ ला बंद. त्यानंतर आलेल्याचे नाव पुढच्या आठवड्यात, मग तो कुणाचाही मेहुणा असो. त्याच रात्री घाऊक दुकानाला यादी कळवायची. गाडी ७ ला दुकानाच्या दारात, १० पर्यंत वाड्यात. अकरानंतर जाऊ नका. एक वाजता शटर ओढायचे म्हणून तेव्हा सगळेच घाईत असतात, गोणी मोजताना चुका त्याच वेळी होतात.

कुठे बिघडते तेही सांगतो.

गोणी फोडून सात-सात किलोचे वाटप केले की चारशे किलोत दीड-दोन किलो सांडते आणि झुकत्या मापात जाते. शेवटचे घर कमी घेऊन जाते आणि तिथेच भांडण लागते. १७ पिशव्या म्हणजे ४२५ किलो, वरचे ५ किलो त्यासाठीच धरा, कुणाच्या नावावर लावू नका. काटा शोधत फिरायला नको, काजू घेणाऱ्याकडे असतो. हंगाम सरत आला आहे, देईल.

वहीत चार रकाने: घर क्रमांक, संच किती, पैसे आले, माल गेला. दोघांनी मिळून लिहायचे, एकट्याने नाही. उधारी असेल तर ‘उधार’ असा शब्द लिहा, रकाना कोरा सोडू नका. कोऱ्या रकान्याचा अर्थ महिन्याने प्रत्येक जण वेगळा लावतो.

औषधांची यादी वेगळी आणि तिचा मान पहिला. रक्तदाब, साखर, थायरॉइडच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो मागवा, नाव फोनवर ऐकून लिहू नका. ५ आणि ५० यांत फरक असतो.

विलगीकरणातल्या चार घरांसमोर फाटकात स्टूल ठेवा. माल स्टुलावर, हाक मारायची, मागे सरायचे. पिशव्यांवर औषध फवारू नका, त्याने कांदे तेवढे कुजतात. हात साबणाने धुतले की झाले. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, कोणत्या फाटकाला पिशवी टांगलेली असेल ते एकदाच दाखवून ठेवा. पिशवीत सुटे पैसे आणि किती पाव त्याची चिठ्ठी. तो भोंगा वाजवून पुढे जाईल, त्याला पायऱ्या चढायला लावू नका. तो दिवसात शंभर दारांत जातो.

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किराण्याची दुकानेही बंद करून ‘सगळे घरपोच देऊ’ अशी घोषणा झाली होती आणि काही दिवसांतच दुकाने उघडावी लागली होती. कारण साधे होते. घरपोच द्यायला कोणत्या घरात किती माणसे आहेत याची यादी लागते, आणि ती कुणाकडेच तयार नव्हती. तुमच्या वहीचे पहिले पान तेच असू द्या.

---

आवकजावक · १५ मे, सकाळी ११.०५

रेशनचे मी सांगतो.

आधी कार्ड बघा. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसे कितीही असोत. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. दर सध्या, २०२१ मध्ये, तांदळाला किलोमागे ३ रुपये, गव्हाला २. हे झाले नेहमीचे. त्याच्या वर मे आणि जून २०२१ साठी प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी ५ किलो फुकट, दोन्ही प्रकारच्या कार्डांना. म्हणजे पाच माणसांच्या प्राधान्य घराला २५ किलो विकतचे (सगळा तांदूळ असेल तर ७५ रुपये) आणि २५ किलो फुकटचे. पाच जणांच्या अंत्योदय घराला ३५ अधिक २५, एकूण ६०. एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरच्या) कार्डाला यातले फुकटचे काहीच नाही. त्यावर राग यावा हे रास्त आहे, पण तो दुकानदारावर काढू नका, यादी त्याने केलेली नाही. गेल्या वर्षी यासोबत घरटी १ किलो डाळ किंवा चणे होते, या वेळी नाहीत. ‘डाळ खाल्ली’ अशी तक्रार करायला जाऊ नका, तोंडघशी पडाल.

दोन व्यवहार वेगळे असतात. मशीनवर अंगठा दोनदा लागला पाहिजे आणि पावत्या दोन निघाल्या पाहिजेत. अंगठा दोनदा घेऊन धान्य एकदाच दिले, असा घोळ सगळ्यात जास्त होतो. म्हणून पावती हातात आल्याशिवाय पोते उचलू नका आणि पावतीवरचा महिना वाचा.

काजूबिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे त्या तेलाने गेलेले असतात, मशीन लाल दिवा दाखवते. अशा वेळी कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी. ठसा उमटत नाही एवढ्या कारणाने धान्य नाकारता येत नाही. बागायतीत कर्नाटकातले किंवा महाराष्ट्रातले मजूर अडकून पडले असतील तर त्यांनाही सांगा. गोवा १ जानेवारी २०२० पासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’मध्ये आहे, त्यांच्या गावच्या कार्डावर इथे धान्य उचलता येते. गावाकडे घरच्यांनी या महिन्याचे आधीच उचलले असेल तर उरलेला हिस्साच मिळेल, एवढे लक्षात ठेवा.

आता ‘आले नाही’चे. हे तोंडी ऐकून परत फिरायचे नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३, कलम २७ प्रमाणे रेशनचे सगळे दप्तर लोकांना बघायला खुले असते. साठा नोंदवही दाखवा म्हणा. दाखवली तर प्रश्न मिटला, नाही तर मामलेदार कचेरीतल्या नागरी पुरवठा निरीक्षकाला अर्ज. अर्ज लांबवू नका:

‘दुकान क्रमांक अमुक. मे २०२१ चे मोफत धान्य आमच्या वाड्यातल्या खालील कार्डांना आजपर्यंत मिळालेले नाही. दुकानदाराचे म्हणणे, माल आलेला नाही. या दुकानासाठी मे महिन्याचा माल गोदामातून कोणत्या तारखेला व किती उचलला, ते कळवावे. माल पोचला असल्यास वाटपाची तारीख दुकानावर लावावी.’ खाली कार्ड क्रमांक आणि सह्या.

‘भ्रष्टाचार’, ‘काळाबाजार’, ‘जाहीर निषेध’ यांतला एकही शब्द नको. तो शब्द आला की अर्ज उत्तरासाठी राहत नाही, खुलाशासाठी वर जातो आणि तिथेच बसतो. तारीख आणि किलो विचारले की कारकुनाला वही उघडून बघावे लागते. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. कर्फ्यूमुळे कचेरीत माणूस कमी असेल तर ईमेल करा आणि १९६७ वर फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसलेली तक्रार कुणीच केलेली नसते.

माहिती अधिकाराचा अर्ज मेमध्ये उपयोगाचा नाही, मुदत ३० दिवसांची. तरी १० रुपये भरून टाकून ठेवाच. जुलैत सगळे विसरलेले असतील तेव्हा उत्तर येईल. ‘का दिले नाही’ असे विचारायचे नसते, ‘मे २०२१ च्या साठा नोंदवहीची व चलनांची प्रत द्यावी’ असे मागायचे. ‘का’ला उत्तर देणे कायद्याने बंधनकारक नाही, प्रत देणे आहे.

पंचाचा नाद सोडा, पंचायत सचिवाला लिहा. सही त्याची लागते आणि त्याला निवडणूक लढवायची नसते. पंचायतीने महामारीवर किती खर्च केला ते ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर पंचायत निवडून बघा. तिथे काहीच नसेल तर तोही पुरावाच आहे. त्या पानाचा फोटो काढून अर्जाला जोडा.

---

रात्रपाळी · १५ मे, दुपारी ३.३०

रात्रपाळीची नर्स. सिलिंडरच्या आधी ऑक्सिमीटरचे बोलू, निम्मी धावपळ चुकीच्या आकड्यामुळे होते.

पाच मिनिटे स्वस्थ बसवा. बोट गार असेल तर तळहात चोळा. नेलपॉलिश पुसा. मधले बोट किंवा तर्जनी, हात छातीच्या पातळीवर टेकलेला. पहिला आकडा लिहू नका. नाडीचा ठोका आणि आकडा मिनिटभर स्थिर झाला की मग लिहा. ८५ दाखवले आणि माणूस गप्पा मारतोय असे असेल तर आधी दुसरे बोट, मग तुमचे स्वतःचे बोट, मग सेल बदला. दोन यंत्रे ११ घरांत फिरणार असतील तर प्रत्येक घरानंतर आतले रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे आणि कोरडे होऊ द्यायचे.

दिवसातून चार वेळा आणि शक्यतो त्याच वेळांना: ताप, ऑक्सिजन, नाडी. बसल्या जागी ९५ च्या वर असणाऱ्यांना घरातल्या घरात सहा मिनिटे सपाटीवर चालवा (साठीच्या पुढच्यांना तीन) आणि पुन्हा बघा. ९४ च्या खाली गेले किंवा तीन-चार आकड्यांनी उतरले तर आजच फोन करायचा, उद्यावर टाकायचे नाही. बसलेल्या माणसाचाच आकडा ९४ च्या खाली गेला, बोलताना धाप लागू लागली, छाती दाबल्यासारखी वाटली किंवा तो गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर सरळ १०८. नुसत्या सल्ल्यासाठी १०४.

गाडी येईपर्यंत पालथे झोपवा. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा तास ते दोन तास, मग उजवी कूस, मग टेकून बसणे, मग डावी कूस. जेवणानंतर तासभर नाही. गरोदर बाई, हृदयाचा मोठा आजार किंवा पाठीच्या कण्याची इजा असेल तर नाही.

सिलिंडर. लहान म्हणजे बी टाइप, भरलेला असताना साधारण १५०० लिटर. गणित सोपे, लिटर भागिले मिनिटाचा प्रवाह. २ लिटरवर १५०० ÷ २ = ७५० मिनिटे, साडेबारा तास. ५ लिटरवर ५ तास. १० वर अडीच तासच. मोठा, डी टाइप, ७००० लिटर. काटा १५० वर म्हणजे भरलेला, ७५ वर अर्धा. वाळपईपासून आत आहात, म्हणजे गाडी यायला लागणारा वेळ अधिक वाटेतला वेळ एवढी त्या लहान सिलिंडरची कामगिरी. त्यावर माणसाला घरी बरे करू असा विचार करू नका.

जोडताना: रेग्युलेटर बसवण्याआधी झडप क्षणभर उघडून बंद करा, तोंडातली धूळ उडते. आट्यांना तेल, ग्रीस, खोबरेल काही लावायचे नाही, ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते. देवघरातला दिवा, उदबत्ती दुसऱ्या खोलीत. रेग्युलेटरला जोडलेल्या ओलाव्याच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी, दोन रेघांच्या मधे. जास्त भरले तर पाणी नळीत येते. बाटलीचे झाकण सैल बसले की बुडबुडे कमी होतात आणि नाकापर्यंत काहीच पोचत नाही, काटा मात्र सगळे ठीक दाखवतो. खात्री करायची तर नळी बोटांनी चिमटा. बाटलीच्या झडपेतून शिट्टी आली तर जोडणी घट्ट आहे, नाही आली तर गळती आहे.

आयव्हरमेक्टिनबद्दल कुणी विचारेलच. अठराच्या वरच्या सगळ्यांना पाच दिवस १२ मिलिग्रॅम, अशी घोषणा या आठवड्यात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच म्हटले आहे की हे औषध चाचण्यांपुरतेच वापरावे. ज्याच्या यकृताला त्रास आहे किंवा जो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, त्याने डॉक्टरला न विचारता ती पाकिटे उघडू नयेत. स्टिरॉइड तर मनाने नाहीच. पहिल्या दिवसांत, ऑक्सिजन चांगला असताना घेतले तर उलटते.

---

तिरकस · १५ मे, रात्री १०.२०

आवकजावक यांचे बाकी सगळे पटले, ‘निषेध’ हा शब्द नको हे पटले नाही. कचेरीच्या अर्जात नको, मान्य. पण सगळा राग किलोमध्ये मोजून लिहायचा म्हटले तर ज्याने टाळेबंदीला उशीर केला तो सुटला आणि साठा वही लिहिणारा कारकून अडकला.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळातले ऑक्सिजनचे प्रकरण बघा. सिलिंडर ट्रॉलीवर रांगेने जोडलेले, एक ट्रॉली संपली की दुसरी जोडायची, त्या बदलात दाब पडतो. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या खाटेला तो आधी जाणवतो. रात्री दोन ते सहा माणसे दमलेली, ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर कमी, ट्रॉली यायला उशीर. हे अर्ज करून सुटणारे नव्हते. ११ मेच्या पहाटे २६ माणसे गेली हे आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले, आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे याचिका गेल्या तेव्हा कुठे मागणी किती आणि पुरवठा किती हे बाहेर आले. म्हणजे कागद हवाच, पण तो कुणाच्या टेबलावर पडतो त्यावरही बरेच असते.

पिशव्यांचे माझे मत सरळ आहे. ठेवून घ्या. उपाशी घराला तत्त्व शिकवायला आपण कोण? फक्त तीन गोष्टी करा. पिशवी उघडून वजन करा आणि वहीत मांडा: तारीख, कुणी दिली, आत काय. ती चार बंद घरांना आणि कार्ड नसलेल्या मजुरांना आधी द्या, वाटणाऱ्याच्या हातून नव्हे, आपल्या स्टुलावरून. आणि फोटो काढू देऊ नका. देणाऱ्याला यादी हवी असते, घर क्रमांक आणि मोबाईल नंबरांसकट. ती यादी दिली की पुढल्या फेब्रुवारीपर्यंत फोन थांबत नाहीत. घाऊकवाल्यांनी सांगितलेल्या वहीचे पहिले पान नेमके हेच आहे, ते उघड्यावर ठेवू नका.

आणि जो पिशवी घेऊन येईल त्याला एक प्रश्न विचारा, ‘सिलिंडर भरून आणाल का?’ दोघांतला एक तरी आणेल, आता दोघेही शर्यतीत आहेत.

---

आवकजावक · १५ मे, रात्री १०.५०

तिरकस, निषेध जरूर करा, वेगळ्या कागदावर करा. एवढेच म्हणणे होते.

---

वाडाकर · १७ मे, सकाळी ८.१०

कालच्या वादळाने वीज गेली ती अजून आली नाही. फणस तारांवर आडवा. पहिली पिकअप शनिवारीच येऊन गेली म्हणून निभावले. सिलिंडर मिळाला, शिवाय एका संस्थेने ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे, विजेवरचे यंत्र) दिला. तो २ लिटरवर एका आजोबांना लावला होता, खाटेची वाट बघताहेत. आता त्यांना सिलिंडरवर घेतले आहे. शेजारच्या घरी इन्व्हर्टर आहे, एक बॅटरी. त्यावर कॉन्सन्ट्रेटर चालेल का? मोबाईलचा टॉवरही अधूनमधून जातो.

---

तारवाला · १७ मे, सकाळी ८.४५

इन्व्हर्टरवर काय लिहिले आहे ते आधी वाचा. ‘प्युअर साइन वेव्ह’ असेल तर चालेल. ‘स्क्वेअर वेव्ह’ असेल तर जोडू नका. आतला कॉम्प्रेसर गुरगुरतो, तापतो, आणि दिलेले यंत्र परत करायची वेळ येते.

यंत्र सुमारे ३५० वॅट खाते, प्रवाह २ लिटर ठेवला तरी जवळपास तेवढेच. हे लोकांना माहीत नसते. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास कागदावर, हातात ११०० ते १२००. भागिले ३५०, तीन तासांच्या थोडे वर. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर निम्मे धरा. त्यावरचे पंखे, दिवे, फ्रिज सगळे काढा. इन्व्हर्टर ८५० व्हीए किंवा वरचा हवा, कॉम्प्रेसर सुरू होताना झटका मारतो.

तेव्हा मुख्य आधार सिलिंडर (२ लिटरवर साडेबारा तास) आणि इन्व्हर्टर फक्त सिलिंडर भरायला जाईल त्या दोन-तीन तासांसाठी. कॉन्सन्ट्रेटर चालू केल्यावर शुद्ध ऑक्सिजन यायला काही मिनिटे जातात, म्हणून आधी तो सुरू करा, मग सिलिंडरची नळी काढा. भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, मागची जाळी पडद्याने झाकू नका.

कुणी पेट्रोलचा जनरेटर आणला तर तो बाहेर, खिडकीपासून वीस फूट लांब. ओट्यावर पाऊस लागत नाही म्हणून तिथे लावतात आणि धूर आत येतो. त्या धुराला वास येण्याआधी माणूस झोपतो. जनरेटरची तार घराच्या प्लगमध्ये उलटी घालून सगळे घर उजळायचा उद्योग तर अजिबात नको. बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर तीच वीज बाहेरच्या तारेवर चढते. फणस काढायला खांबावर चढलेला लाइनमन मेलेली तार समजून हात घालतो.

तक्रार १९१२ वर. ‘अमुक वाड्यात लाइट नाही’ असे सांगू नका, शंभर वाडे तेच सांगताहेत. खांबावर रंगवलेला क्रमांक, ट्रान्सफॉर्मरचे नाव आणि ‘घरी ऑक्सिजनवर रुग्ण आहे’ हे तीन सांगा. टॉवर जातो आहे तर चालू असतानाच तक्रार क्रमांक कागदावर लिहा. वहीतले फोन नंबरही कागदावर असू द्या, चार्जिंग संपलेल्या मोबाईलमधली यादी काय कामाची?

---

घाऊकवाला · १७ मे, सकाळी ९.३०

दुसऱ्या खेपेच्या यादीत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, घाला. मे निम्मा गेला, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार धरून चालू नका. घरटी सोलं (आमसुले) अर्धा किलो, सुकी मिरची १ किलो, जाडे मीठ ५ किलो, सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) ज्याला जशी परवडतील तशी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यात हा कर्फ्यू वाढला तर सुक्याचे भाव ऐकवणार नाहीत. मेणबत्त्या आणि ऑक्सिमीटरचे ट्रिपल-ए सेल विसरू नका.

---

रात्रपाळी · १७ मे, सकाळी ९.५०

आजोबांना सिलिंडरवर ९२ ते ९४ राहतात का ते लिहून ठेवा, प्रवाह वाढवून ९९ करायच्या मागे लागू नका, तेवढाच सिलिंडर लवकर संपतो. २ वरून ४ करावे लागले तर थांबू नका, १०८ ला पुन्हा फोन करा आणि ‘गरज दुप्पट झाली’ याच शब्दांत सांगा. काटा ३० वर आला की दुसरी सोय सुरू करायची, शून्याची वाट बघायची नाही.

आणि झडपेची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. अंधारात पहाटे तीन वाजता ती कुणालाच सापडत नाही.